दुसऱ्याची खेप

५ जानेवारी, रविवार

वाचनालयाच्या स्पर्धेत नाव दिलं होतं, ते आज अंगाशी आलं. जोड्या चिठ्ठ्या टाकून लावल्या. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या, वर ताटली, आणि मृणालीने डबा असा हलवला की आतल्या नावांना चक्कर यावी. मृणाली वाचनालयात पुस्तकं देते-घेते आणि मधूनमधून असले उद्योग काढते. माझी चिठ्ठी निघाली आणि तिच्यामागोमाग वेदिकाची, माझ्या सुनेची. सगळे हसले. मागून कोणीतरी म्हणालं, "यांची गोष्ट घरी आधीपासूनच चालू असेल."

मृणालीने विचारलं, "काकू, बदलून देऊ का?" मी वेदिकाकडे बघितलं. ती म्हणाली, "असू दे." मग मीही असू दे म्हटलं.

दोघींनी मिळून एक गोष्ट लिहायची. एक पात्र माझं, एक तिचं. मी माझ्या पात्राचं लिहून फोनवर आमच्या तिघींच्या गटात पाठवायचं, मग तिने तिच्या पात्राचं. एका वेळच्या लिखाणाला मृणालीने खेप असं नाव ठेवलंय. आम्ही मिरकरवाड्याच्या बंदरावरची माणसं, खेप म्हणजे बोटीचं जाऊन येणं, तेव्हा मला ते पटलं. समोरच्याच्या पात्राच्या तोंडी शब्द घालायचा नाही. त्याला उठवायचं-बसवायचं नाही. त्याच्या मनात काय आहे ते आपण ठरवायचं नाही. आणि प्रत्येक खेपेत समोरच्याला धरायला काहीतरी ठेवायचं. शिवाय घरी या गोष्टीबद्दल एक अक्षर बोलायचं नाही. मृणाली म्हणाली, "तुम्हा दोघींना हा नियम सगळ्यात कठीण."

पहिलं वाक्यही चिठ्ठीतून आलं. "तो पिशवी घेऊन दाराशी उभा आहे." तो वेदिकाच्या वाट्याला आला. आत असलेली बाई माझ्या वाट्याला. तिने त्याचं नाव अनंता ठेवलं, मी बाईचं सुमन.

मला वाटलं होतं मला सोपं जाईल. चौथीपर्यंत शाळा, पण त्यानंतर हे बोटीवर असायचे तेव्हा वाचनालयातलं जवळजवळ सगळं कपाट वाचून काढलंय. पण पुस्तक आपण मिटलं की थांबतं. इथे समोर माणूस आहे.

७ जानेवारी

माझी पहिली खेप गेली. कागदावर लिहिली, मग एका बोटाने फोनवर उतरवली.

"सुमन म्हणाली, अहो, एवढ्या लवकर? बांगड्याचं सार केलंय. दोन घास खाऊन जा. बोट तुमच्याशिवाय सुटायची नाही."

हे लिहिताना मला आमचे हेच दिसत होते. लवू तांडेल म्हटलं की अख्खा धक्का ओळखायचा. पिशवी खांद्याला नाही, हातात. मी जेवा म्हटलं की आधी नको म्हणायचे आणि मग बसायचे. हे जाऊन तीन वर्षं झाली. बोट धक्क्याला लागत होती, यांनी दोर टाकायला हात वर केला आणि तिथेच बसले. बोलले काहीच नाहीत.

वेदिकाची खेप दुपारी आली. ती लॅबमध्ये कामाला आहे, जेवणाच्या सुट्टीत लिहिली असणार.

"अनंता म्हणाला, मी बोटीवर जात नाहीये. त्याने पिशवी या हातातून त्या हातात घेतली."

बोटीवर नाही तर कुठे? एवढंच लिहून सोडून दिलं पोरीने.

११ जानेवारी

ठमाबाई दारावर मासे घेऊन आली. मी बांगडा दाबून बघत होते, तर म्हणाली, "दाब, आणखी दाब. दाबून दाबून मऊ करशील आणि मग म्हणशील, ठमे, शिळा दिलास."

मी म्हटलं, "तू ताजा आण, मी दाबणार नाय."

"सून चिपळूणला जाते म्हणं?"

"कोण म्हणालं?"

"धक्क्यावर सगळे म्हणतात. मोठी लॅब निघते, सगळी हिच्या हातात देणार. नशीब काढलंन हो पोरीनं."

मी म्हटलं, अजून काही ठरलेलं नाय. ते खरंच आहे. बोलावणं डिसेंबरातच आलं. चिपळूण काही रोज जाऊन-येऊन करण्यासारखं नाही, म्हणजे तिला तिथे खोली घ्यावी लागेल. मी नको म्हटलेलं नाही. निलेश आला की बघू, एवढंच म्हटलं. निलेश, माझा मुलगा, मालवाहू जहाजावर आहे. तो मे महिन्यात येईल. त्या लोकांना उत्तर फेब्रुवारीअखेर हवंय, पण त्याला मी काय करू?

बांगडे ताजे होते.

१४ जानेवारी

संक्रांत. या दिवशी सवाष्णी येतात, वाण देतात. वेदिकाने सगळं केलं. मी आत बसून तिळाच्या वड्या ताटात लावल्या.

खेप मात्र मोठी लिहिली. सुमनला अनंताचं सगळं आठवतं असं लिहिलं. तो ताटात मीठ आधी बघतो. उन्हातून आला की आधी पाय धुतो, मग तोंड. त्याला चहा आल्याचा लागतो, आलं ठेचून, साखर पुढे. तीन पानं झाली. लिहून झाल्यावर बरं वाटलं. किती दिवसांनी हे सगळं कोणाला सांगितलं.

मृणालीचा निरोप आला. "काकू, छान आहे. पण अनंताला काय आवडतं हे सुमनला फक्त वाटतं. ते तसंच आहे का, हे वेदिका ठरवणार."

१६ जानेवारी

वेदिकाची खेप.

"अनंता म्हणाला, आल्याचा चहा मला आवडतो, की तुला तसा करायची सवय म्हणून मी पीत आलो, ते आता आठवत नाही. तो अजून दाराशीच आहे."

मला लागलं हे. माझ्या तीन पानांतलं तिने एवढंच उचललं. वाटलं, तिला लवू तांडेल काय माहीत? लग्न होऊन आली तेव्हा हे भिंतीवर फोटोत होते. मग वाटलं, हा अनंता आहे, हे नाहीत. मग पुन्हा वाटलं, असं कसं नाहीत.

घरी बोलायचं नाही म्हणून गप्प राहिले. सकाळचा वेदिकाचा कप उचलला, नेहमीसारखा अर्धा चहा तसाच. लॅबची घाई असते तिला.

२२ जानेवारी

निलेशचा फोन. वेदिकाशी बोलला, मग माझ्याकडे दिला. मी म्हटलं, "तुझ्या बायकोला चिपळूणला जायचंय, तुझं काय म्हणणं?"

म्हणाला, "आई, तू म्हणशील तसं."

"मी कशाला म्हणू? मी काय म्हणतच नाय."

"मग तिला विचार."

वेदिका मोरीपाशी पाठमोरी भांडी घासत होती. मी फोनवर म्हटलं, "तू आल्यावर बघू." भांड्यांचा आवाज जरा थांबला आणि परत सुरू झाला. निलेशने मग बापाच्या श्राद्धाचं विचारलं. जहाजावर कसली तरी घंटा वाजली आणि फोन ठेवला.

२८ जानेवारी

गोष्ट पुढे सरकत नाही. मी लिहिते, सुमन म्हणाली बसा. ती लिहिते, अनंता म्हणाला बसलो तर उशीर होईल. मी लिहिते, कशाला उशीर? ती लिहिते, "अनंताने सुमनकडे बघितलं. त्याला वाटलं, आता ही विचारेल कुठे. तो थांबला."

मी विचारलं नाही. सुमनने चूल सारवायला घेतली असं लिहिलं. बाईमाणसाने निघालेल्या माणसाला कुठे म्हणून हटकू नये, अपशकुन होतो. बोटवाल्यांच्या घरात हे सगळ्यांना माहीत असतं. वेदिकालाही असायला हवं, तीही समुद्रकाठच्या वेळणेश्वरची आहे.

२ फेब्रुवारी, रविवार

माहेरून, पावसहून, भाऊ शहाळी घेऊन आला. यंदा मोहर बरा आहे म्हणतो, फक्त ढग येऊ नयेत. त्याने विचारलं, "सून गेली की तू पावसला येऊन राहशील का?" म्हणजे पावसपर्यंत पोचलंय. मी म्हटलं, सून कुठेही जात नाही. वेदिका तिथेच शहाळं फोडत होती. कोयता नीट बसला नाही आणि अर्धं पाणी ओट्यावर गेलं.

८ फेब्रुवारी

सकाळी खंडूभावजी आले. माझे दीर. शिमगा जवळ आला, नमनाची, म्हणजे शिमग्यातल्या सोंगांच्या खेळाची, तालीम सुरू झाली. त्यांना मावशीचं लुगडं हवं होतं.

नमनात गवळणींबरोबर मावशी असते, आणि ती पुरुषाने करायची. आमच्या वाडीत मावशी म्हणजे लवू तांडेल. मिशी काढायचे नाहीत, तिच्यावर पदर धरायचे. हिरवं इरकली लुगडं, त्याला अजून रंगाचा वास आहे. ट्रंकेतून काढून दिलं. या वर्षी एक नवीन मुलगा मावशी करतोय म्हणाले.

मग त्यांनी चिपळूणचा विषय काढला. वेदिका चहा घेऊन आली होती. तिच्यासमोरच म्हणाले, "लवूदादाला आम्ही शब्द दिलाय. वैनी एकटी राहणार नाय. घाटावर दिलेला शब्द हाय, बाय. तो मोडायचा असेल तर मोडा."

वेदिकाने कपबशी खाली ठेवली. म्हणाली, "साखर कमी वाटली तर सांगा, काका." आणि आत गेली.

मला बरं वाटलं. माझ्या बाजूने कोणीतरी बोललं. दुपारी त्याच भरात खेप लिहिली, आणि लिहिता लिहिता रडले. ती अशी.

"सुमनने त्याच्या हातातली पिशवी घेतली आणि खुंटीला लावली. अनंता आत आला. पाय धुतले, तोंड धुतलं, पाटावर बसला. म्हणाला, तुझंच बरोबर आहे. मी कुठे निघालो होतो ते माझं मलाही कळत नव्हतं. आता मी कुठेच जात नाही."

पाठवली.

९ फेब्रुवारी, रविवार

मृणालीचा निरोप. "काकू, नियम मोडलात. अनंताला तुम्ही आत आणलंत, बसवलंत, बोलायला लावलंत. वेदिका म्हणाली तर ही खेप रद्द होईल. वेदिका, तू सांग."

वेदिकाने लिहिलं, "राहू दे. अनंता आत आला."

गुण थोडे जातील, जाऊ देत. तो आत आला.

संध्याकाळी भाजी निवडताना वेदिका म्हणाली, "आई, चिपळूणच्या लोकांना नाही म्हणून कळवणार आहे मी. महिनाअखेर शेवटची तारीख आहे, त्याआधी."

मी म्हटलं, "तुझी मर्जी. माझं काही नाही."

"हो, तुमचं काही नाही," ती म्हणाली.

मी तिला एका शब्दाने अडवलेलं नाही. देवापुढे साखर ठेवली.

१२ फेब्रुवारी

मी छान खेप लिहिली. सुमनने वाढलं, त्याला धक्क्यावरच्या गमती विचारल्या, हसली. समोरून आलं,

"अनंता जेवला."

एवढंच. मला वाटलं, कामात असेल.

१५ फेब्रुवारी

पुन्हा मोठी खेप लिहिली. सुमन त्याला म्हणते, उद्या आपण समुद्रावर जाऊ, मग देवळात, मग तुमच्या आवडीची कोळंबी करते. बोला ना, काय करू?

"अनंता हो म्हणाला. जेवला. हात धुतले."

घरातही असंच आहे. वेदिका भांडत नाही, फुगत नाही, कामात कसूर नाही. बाजारात जाऊ का? हो आई. आज आमटी करू? हो आई. आज आल्याचा चहा शेवटच्या घोटापर्यंत प्यायली, कप विसळूनच ठेवला. मला बरं वाटायला हवं होतं. कप हातात घेऊन उभी राहिले.

१८ फेब्रुवारी

वाचनालयात जाऊन मृणालीकडे तक्रार केली. म्हटलं, "ती नीट लिहीत नाही. दोन दोन शब्दांत उरकते. अशाने आमची गोष्ट कोण वाचेल?"

मृणाली पुस्तकांना खाकी कव्हरं घालत होती. म्हणाली, "तुम्ही तिला लिहायला काय ठेवलंत, काकू?"

"एवढं ठेवते की. जेवण ठेवते, समुद्र ठेवते, प्रश्न विचारते."

"प्रश्न विचारता, पण त्याने आधीच सांगून टाकलंय ना की तो कुठेच जात नाही. तुम्हीच सांगितलंत. आता त्याच्याकडे सांगण्यासारखं काय उरलं?"

मग तिने दुसऱ्या एका जोडीची गोष्ट दाखवली, नावं झाकून. एसटीतला कंडक्टर आणि एक प्रवासी. भाषा काही फार नाही, माझी त्यांच्याहून बरी आहे. पण प्रवासी नुसतं म्हणतो, तिकीट हातखंब्याचं द्या. आणि कंडक्टर म्हणतो, हातखंबा मागे गेला. आणि गप्प. मला पुढचं वाचावंसं वाटलं. तिने कागद काढून घेतला. म्हणाली, "बस, स्पर्धक आहात तुम्ही."

येताना रिक्षा केली नाही, चालत आले. वाटेत दोनदा वाटलं की हिला काय कळतं, अजून लग्न व्हायचंय.

२२ फेब्रुवारी

आज तालीम बघायला गेले. हे गेल्यापासून तिकडे फिरकले नव्हते. देवळाच्या पटांगणात ऊन उतरल्यावर उभे राहतात. लुगडं ओळखू आलं.

तो मुलगा चांगला आहे. आवाज आहे, ठुमका आहे. पण बोलत सुटतो. मावशीचं बोलतो, आणि कृष्णाचा सवंगडी पेंद्या काही म्हणणार एवढ्यात त्याचंही आपणच म्हणून टाकतो. "तू म्हणशील मावशे वाट सोड, आणि मी सोडीन असं वाटलं तुला?" झालं. पेंद्या काठी धरून उभा. त्याने करायचं काय? बाया बसल्या होत्या, कोणी हसलं नाही. ठमाबाई माझ्या कानात म्हणाली, "ह्यानं पेंद्याला घरी पाठवावा, फुकट उभा हाय."

हे असताना तसं नव्हतं. नमनात लिहिलेलं काही नसतं, जे सुचेल ते. हे पदर मिशीवर धरून एखादं वाक्य टाकायचे आणि गप्प. नुसते पेंद्याकडे बघत राहायचे. पेंद्या गडबडायचा, काहीतरी बोलायचा, आणि लोक हसून लोळायचे. घरी मी विचारलं होतं, तुम्ही मधेच थांबता का, विसरता का? म्हणाले, "समोरच्याचा घास आपण खायचा नाय. तो उपाशी राहिला की खेळ मेला."

हे मला माहीत होतं. कित्येक वर्षं ऐकलेलं.

घरी आले. वेदिकाने विचारलं, "कशी झाली तालीम?" मी म्हटलं, "बरी." तिने वाढलं, मी जेवले, हात धुतले. फोनवर तिची खेप येऊन पडली होती. "अनंता जेवला."

२३ फेब्रुवारी, रविवार

आज खेप लिहिली नाही. इथे लिहिते.

यांच्या दहाव्याला घाटावर पिंड ठेवले होते आणि कावळा शिवत नव्हता. ऊन चढलं. कावळे झाडावर होते, खाली येत नव्हते. मग एकेक जण हात जोडून बोलायला लागला. बोट विकणार नाही. सत्यनारायण घालू. निलेशचं शिक्षण वाया जाऊ देणार नाही. एकेक वाक्य बोलायचं आणि झाडाकडे बघायचं. यांच्या मनात काय राहिलं होतं, ते सगळे मिळून ओळखत होते, आणि सांगणारा गेला होता. शेवटी खंडूभावजी म्हणाले, "वर्षाच्या आत निलेशचं लग्न लावू, घरात सून आणू, वैनी एकटी राहणार नाय." आणि एक कावळा उतरला.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. मीही. वर्षाच्या आत वेदिका घरात आली. पुढे शिकायचं म्हणत होती तेव्हा, मला आठवतं. बैठकीत तिच्या वडिलांना खंडूभावजींनी घाटावरची गोष्ट सांगितली, त्यावर कोण काय बोलणार?

त्यानंतर कधीतरी ठमाबाई म्हणाली होती, "केवढं ऊन झालं होतं. कावळ्याला काय भूक लागत नाय?" मी तिच्याशी आठ दिवस बोलले नव्हते.

आज वाटतं, ते वाक्य खंडूभावजींचं होतं, यांचं नव्हतं. हे मोसमात आठ आठ दिवस समुद्रावर असायचे. लहान निलेशला आणि मला घरात ठेवून. मी एकटी कशी राहीन, असं यांनी कधी म्हटलं नाही. परत आले की विचारायचे, "काय वाचलंस?" एवढंच.

यांच्या मनात शेवटी काय होतं ते मला कळणार नाही. ते यांचं आहे. हे लिहायला मला तीन वर्षं लागली, आणि लिहूनही काही हलकं वाटत नाही.

२५ फेब्रुवारी

स्पर्धेचा शेवटचा दिवस. सकाळी वेदिका आंघोळीला गेली तेव्हा खेप लिहायला बसले. आधी पुष्कळ लिहिलं. सुमनला वाईट वाटतं, सुमन क्षमा मागते, सुमनला सगळं कळलं. सगळं खोडलं. अनंताबद्दल एक वाक्य होतं, तेही खोडलं. राहिलं ते हे.

"सुमनने खुंटीवरची पिशवी काढली आणि दाराशी ठेवली. म्हणाली, तुम्हाला कुठे जायचं होतं? मी विचारलंच नाही."

पाठवलं आणि फोन पालथा ठेवला. तांदूळ निवडत बसले.

वेदिका केस पुसत बाहेर आली. तिच्या हातात फोन.

"आई, हे सुमन विचारते की तुम्ही?"

मी म्हटलं, "घरी बोलायचं नाही असा नियम आहे."

ती हसली, आणि हसता हसता तिथेच खाली बसली. पदर नव्हता म्हणून टॉवेलमध्ये तोंड घातलं. मी उठून तिच्याजवळ जाणार होते. गेले नाही. तिचं तिला होऊ दिलं.

मग ती आत गेली. तिची खेप आली.

"अनंता म्हणाला, फार लांब नाही. पण रोज परत येता येईल इतकं जवळही नाही. येत जाईन, हेच सांगायला इतके दिवस दाराशी उभा होतो. मग त्याने पिशवी उचलून बघितली आणि विचारलं, हिच्यात डबा मावेल का?"

मुदत संपली. माझी खेप राहिली.

चिपळूणला तिने अजून काहीच कळवलेलं नव्हतं. दुपारी फोन केला. हो म्हणून. मी आतल्या खोलीत होते, आवाज येत होता. इतकं भराभर बोलताना मी तिला ऐकलं नव्हतं.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. वेदिका माहेरी वेळणेश्वरला जत्रेला गेली. मी मुद्दाम गेले नाही. घरात एकटी राहून बघितलं. उपासाचं एकटीपुरतं केलं, तेही उरलं. दुपारी पुस्तक हातात घेतलं, तेच पान तीनदा वाचलं. वारा आला की मधलं दार आपटतं, ते मला इतके दिवस माहीत नव्हतं. भीती वाटली असं नाही. वाटली. लिहून ठेवते.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

मराठी भाषा दिनाचा कार्यक्रम, निकाल. कंडक्टर-प्रवाशाला पहिलं बक्षीस. दोघेही सत्तरीच्या पुढचे निघाले, बक्षीस घेताना एकमेकांना पुढे ढकलत होते. आम्हाला काही नाही. पाहुणे परीक्षक आमच्याबद्दल म्हणाले, सुरुवात आणि शेवट चांगला, पण मधल्या "अनंता जेवला" वगैरे खेपा नीरस आहेत, त्या काढल्या असत्या तर गोष्ट वर आली असती.

मी वेदिकाकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. त्या काढायच्या नव्हत्या.

बाहेर खंडूभावजी भेटले. वेदिका जाणार ते त्यांना कळलं होतं. "म्हणजे दादाला दिलेला शब्द—"

मी म्हटलं, "भावजी, तो शब्द तुम्ही दिलात आणि तुम्हीच घेतलात. ते काय बोलले होते का?"

त्यांना राग आला. शिमग्याला पालखी आमच्या दारात येईल तेव्हा बोलतात की नाही, बघायचं.

२ मार्च, रविवार

वेदिका गेली. निलेशचा काल फोन आला होता, मला म्हणाला, "आई, तू कशी राहशील?" मी म्हटलं, "ते मला विचारतोस, बरं केलंस. तिला विचार, ती कशी राहील." मग म्हणाला, "दे तिला." बराच वेळ बोलत होती.

सकाळी ती दाराशी उभी राहिली. मोठी बॅग रिक्षात ठेवली होती, हातात पिशवी. मी म्हटलं, "मावेल का बघ," आणि डबा दिला. तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी. तिने आतलं एक पुस्तक काढून काखेत धरलं आणि डबा बसवला. पाया पडली. तोंडाशी पुष्कळ आलं होतं. नीट जा, फोन कर, लॅबमध्ये कोण आहेत ते सांग, शनिवारी ये. मी एकच म्हटलं, "कधी येशील?"

"पालखीला."

"बरं."

रिक्षा वळेपर्यंत उभी राहिले. मग आत आले. मधल्या दाराला उंबऱ्यापाशी दगड लावून ठेवला.

दुपारी फोन वाजला. आमच्या गोष्टीचा गट अजून तसाच आहे, मृणाली तेवढी बाहेर पडलीय. वेदिकाने लिहिलं होतं,

"अनंता पोचला. खोली लहान आहे, खिडकीतून नदी दिसते. भाकरी खाल्ली. त्याला विचारायचंय, सुमन काय करते आहे?"

लिहायला घेतलं आणि अडले. इतके दिवस अनंताला काय आवडतं, तो काय म्हणेल, हेच लिहीत होते. सुमनचं मला काहीच ठाऊक नाही. तिने चूल सारवली, वाढलं, वाट बघितली, त्याच्यापुढे ती काय करते?

चहा ठेवला. आलं घ्यायला हात गेला. मला आलं आवडतं, की यांना आवडायचं म्हणून घालत आले, ते आठवेना. न घालता केला. दाराशी बसून प्याले. निराळा लागला. अजून एक कप करून बघते, मग सुमनला काय लिहायचं ते लिहीन.